रद्दीतल्या लेखकाला वकील कोण देणार?

व्हिक्टर बॅनिस हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसणार, आणि अमेरिकेतही साहित्य शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण 'कोण?' असंच विचारतील. कारण हा माणूस ज्या पुस्तकांवर जगला ती पुस्तकं पुस्तकांच्या दुकानात कमी आणि बस स्टँडवर, पेपरच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानातल्या फिरत्या लोखंडी रॅकवर जास्त खपायची, खिशात मावतील एवढी, भडक चित्राची, सहा महिन्यांत पिवळी पडतील अशा कागदावर छापलेली. शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली त्याने, डझनभर तरी नावांनी, त्यातली बाईची नावं वेगळीच. २०१९ साली तो गेला. शेवटची काही वर्षं त्याला 'गे पल्पचा गॉडफादर' (पल्प म्हणजे असलीच स्वस्त, रॅकवरची पुस्तकं) वगैरे म्हणायला लागले होते, पण तो मान सगळी वर्षं उलटून गेल्यावर मिळालेला.

मला या माणसाबद्दल लिहायचंय ते त्याच्या पुस्तकांचं कौतुक करायला नाही, खरं सांगायचं तर त्यातली कितीतरी आज वाचवत नाहीत. मुद्दा दुसरा आहे. अश्लीलतेच्या कायद्यात जिथे तिथे एक खिडकी ठेवलेली असते, पुस्तकाला साहित्यमूल्य असेल, कलामूल्य असेल तर माफी. आपण वाचणारी लिहिणारी मंडळी या खिडकीवर फार खूश असतो, कोर्टात एखादी चांगली कादंबरी सुटली की पेढे वाटतो. माझं म्हणणं असं की ही खिडकी मुळात उंचावर आहे, ज्याच्याकडे शिडी आहे त्यालाच ती उपयोगी पडते, आणि ज्या लिखाणाने माणसांना खरोखर जगायला मदत केली ते लिखाण बहुतेक वेळा खालीच उभं होतं.

आधी त्या काळाचं चित्र. पन्नासच्या दशकातली अमेरिका म्हणजे गे असल्याच्या संशयावरून सरकारी नोकरी जायची, १९५३ साली आयझेनहॉवरने तसा आदेशच काढला होता. बारवर धाडी पडायच्या, पकडलेल्यांची नावं दुसऱ्या दिवशी पेपरात यायची. अशा काळात रॅकवर समलिंगी प्रेमाची पुस्तकं होती का, तर होती, आणि तुफान खपत होती. १९५२ साली गोल्ड मेडल या कंपनीने कॉलेजच्या होस्टेलमधल्या दोन मुलींच्या प्रेमावर एक कादंबरी काढली, मेरिजेन मीकर नावाच्या बाईंनी पुरुषी वाटेल अशा टोपणनावाने लिहिलेली, तिच्या जवळपास पंधरा लाख प्रती गेल्या. पंधरा लाख! पण संपादकाची एक अट होती. शेवट गोड करायचा नाही. का, तर पुस्तकं पोस्टाने जातात, पोस्टाचा इन्स्पेक्टर पाकीट फोडून बघतो, आणि असल्या नात्याचं भलं झालेलं दिसलं की ते 'समर्थन' धरलं जातं आणि अख्खा गठ्ठा जप्त होतो. म्हणून मग एक मुलगी वेडी होते आणि दुसरीला साक्षात्कार होतो की आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच. मीकरबाईंनीच पुढे हे सगळं सांगून टाकलं.

म्हणजे बघा, सेक्स चालत होता. उघड्या खांद्याची बाई कव्हरवर चालत होती. पंचवीस सेंटला विकलेलं चालत होतं. चालत नव्हतं ते फक्त एकच, की ही दोन माणसं शेवटी एकत्र राहिली आणि सुखात राहिली. मला वाटतं सेन्सॉरशिप या गोष्टीचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही, कारण यात किळस वगैरे काही नाही, शुद्ध हिशोब आहे.

आणि प्रतिष्ठित लेखक? त्यांनी काय केलं? गोअर व्हिडालने १९४८ साली हिंमत केली, त्याचा शेवट खुनात. जेम्स बाल्डविनची १९५६ ची कादंबरी, जिच्यावर माझा जीव आहे, तिचा शेवट गिलोटिनवर. ई. एम. फॉर्स्टरने १९१३-१४ मध्येच दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट लिहिली आणि मुद्दाम सुखान्त केली, पुढे लिहूनही ठेवलं की शेवट सुखाचाच हवा होता, पण हस्तलिखित कडीकुलपात, मोजक्या मित्रांनी वाचायचं, छापलं गेलं ते थेट १९७१ साली, तो गेल्यावर. मी फॉर्स्टरला नावं ठेवत नाहीये, त्याच्या देशात तेव्हा यासाठी तुरुंग होता. पण हे तर खरं ना की ज्याच्याकडे नाव होतं त्याला नाव जपायचं होतं. नाव जपायला पुस्तक पन्नास वर्षं कुलपात राहिलं, आणि ज्या पोराला ते १९२५ साली हवं होतं तो तोवर म्हातारा झाला किंवा मेला.

बॅनिसला जपायला नाव नव्हतंच. १९३७ चा जन्म, ओहायोतल्या ईटन नावाच्या छोट्या गावात वाढला, घरात भावंडांची फौज आणि पैशाची कायमची ओढाताण. पुढे लॉस एंजेलिसला आला, नोकऱ्या केल्या, आणि पैसे मिळतात म्हणून लिहायला लागला. १९६४ साली पहिली कादंबरी आली, ग्लोरिया नावाच्या एका बाईच्या भानगडींची, ब्रँडन हाउस नावाच्या स्थानिक कंपनीकडून. आणि पहिल्याच पुस्तकावर हा पठ्ठ्या थेट फेडरल केसमध्ये आरोपी.

केस कुठे? लॉस एंजेलिसला नाही. आयोवा राज्यातल्या सू सिटी नावाच्या गावात, दोन हजार किलोमीटरहून लांब, जिथे बॅनिसचं कुणी नव्हतं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १९५८ साली अमेरिकेच्या संसदेने पोस्टाच्या अश्लीलताविरोधी कायद्यात बदल केला, आधी पार्सल जिथून टाकलं तिथे खटला चालायचा, आता जिथे पोचलं तिथेही चालवता येईल. म्हणजे सरकारी वकिलाने नकाशा पुढ्यात घ्यायचा, सगळ्यात सोवळं गाव शोधायचं, तिथे पार्सल पोचलंय ना बघायचं आणि तिथल्या ज्युरीपुढे कॅलिफोर्नियातल्या लोकांना उभं करायचं. कटाचा आरोप होता, प्रकाशक, त्याचे लोक, आणि हा नवखा लेखक. बॅनिस सुटला. प्रकाशक मिल्टन ल्युरोसला मात्र खालच्या कोर्टात शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टाने १९६८ साली रद्द केली.

साधा माणूस काय करेल अशा वेळी? घरी जाऊन कान धरेल, पुन्हा म्हणून नादाला लागणार नाही. बॅनिसने दोन वर्षांत उघडउघड गे पुरुषांची पुस्तकं लिहायला घेतली. त्याला दिसत होतं की बायकांच्या बायकांवरच्या प्रेमाची पुस्तकं लाखांनी जातायत (आणि ती वाचणाऱ्यांत पुरुष भरपूर), पण गे पुरुषांसाठी त्या रॅकवर जवळजवळ काही नाही. त्याने आधीच्या प्रकाशकाला विचारलं, तो नाही म्हणाला. मग सॅन दिएगोच्या ग्रीनलीफ क्लासिक्सकडे गेला, तिथे संपादक होता अर्ल केम्प, सायन्स फिक्शनच्या जगातला अवलिया, १९६१ चा ह्यूगो पुरस्कार मिळवलेला, त्याने हो म्हटलं. १९६६ साली लॉस एंजेलिसच्या एका गे बारमधल्या माणसांची गोष्ट आली, खपली, आणि त्यानंतर ग्रीनलीफने दार सताड उघडलं.

त्याच वर्षी बॅनिसने जी सीरिज चालू केली तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. टीव्हीवर आणि सिनेमात तेव्हा हेरांची लाट होती, सूटबूट, पिस्तुल, दर दहा मिनिटांनी नवी बाई. बॅनिसने त्याची टर उडवत एक हेर काढला, जॅकी होम्स. श्रीमंत, देखणा, सोनेरी केसांचा, नटवा, बरोबर सोफी नावाची पूडल कुत्री. तो ज्या गुप्त संघटनेसाठी काम करतो तिचं काम काय, तर गे लोकांना ब्लॅकमेलर आणि गुंडांपासून वाचवणं. आणि व्हिलन संघटना? तिच्या नावाची आद्याक्षरं जोडली की 'बुच' होतं, म्हणजे मर्दानी, आणि पूर्ण नाव म्हणजे समलिंगींना चिरडायला एकत्र आलेले बांधव. पोरकट आहे ना? आहेच. पण १९६६ साली ओहायोच्या बस स्टँडवर उभ्या असलेल्या एखाद्या पोराच्या जागी जाऊन बघा. आजवर त्याने स्वतःसारखा माणूस पुस्तकात पाहिला असेल तर तो एक तर मनोरुग्ण होता, नाही तर पंख्याला लटकलेला. आणि इथे एक गे हिरो आहे, जो नटमुरड करतो, लाजत नाही, मारामारी करतो, जिंकतो, प्रेमातही पडतो, आणि शेवटच्या पानावर जिवंत असतो. नऊ पुस्तकं निघाली त्याची. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या गे बारवरच्या धाडीनंतर जी दंगल झाली, जिथून समलिंगी हक्कांच्या चळवळीने जोर धरला, तिला अजून तीन वर्षं होती.

आणि गंमत म्हणजे या पुस्तकांवर बॅनिसचं नाव नव्हतंच. डॉन हॉलिडे हे नाव होतं, जे प्रकाशकाच्या मालकीचं, आधी दुसऱ्याच लेखकांनी बाईपुरुषांच्या चावट कादंबऱ्यांसाठी वापरलेलं. आपल्याकडच्या जुन्या रहस्यकथावाल्यांना हे नवीन वाटणार नाही. एकरकमी पैसे, रॉयल्टीचं नाव काढायचं नाही, पुस्तकाचं नाव प्रकाशक बदलणार, कव्हरवर काय येईल ते छापून आल्यावर कळणार. रिचर्ड एमोरी या नावाने लिहिणारा एक शाळामास्तर होता, त्याची १९६६ ची कादंबरी ग्रीनलीफची सगळ्यात गाजलेली, तिच्यावर सिनेमासुद्धा निघाला, आणि हा बिचारा पुढे जाहीरपणे प्रकाशकाच्या नावाने बोटं मोडत राहिला. तेव्हा प्रकाशक म्हणजे मुक्तिदाते वगैरे समजू नका. धंदा करत होते. पण त्याच धंद्यात जोसेफ हॅन्सनसारखा लेखक जेम्स कोल्टन नावाने हात बसवत होता, आणि १९७० साली त्याने एका मोठ्या प्रकाशनाकडून गे डिटेक्टिव्हची जी मालिका काढली तिला कुणीच पल्प म्हणत नाही. सॅम्युअल स्टुअर्ड तर शिकागोच्या कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक, गर्ट्रूड स्टाइनचा दोस्त, प्राध्यापकी सोडून टॅटू काढायचं दुकान टाकलं आणि फिल अँड्रॉस नावाने गोष्टी लिहिल्या, एका आयुष्यात तीन नावं वागवली. प्रतिष्ठित दुकानात या माणसांना जागा नव्हती म्हणून ती रॅकवर आली, आणि रॅकवर बदनामी आधीच झालेली असल्यामुळे आणखी काही गमवायचं उरलेलं नव्हतं. हे स्वातंत्र्य बदनामीने दिलं, कायद्याने नाही, आणि कायदा कसा वागला ते आता बघू.

१९५७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अश्लीलतेचा आधुनिक नियम घातला तो सॅम्युअल रॉथ या माणसाच्या केसमध्ये. नियम असा की ज्यात काडीचंही सामाजिक मूल्य नाही तेच अश्लील. किती उदार वाटतं ऐकायला! पुढच्या दहा वर्षांत याच नियमावर नावाजलेल्या कादंबऱ्या एकेक करून सुटल्या. पण रॉथचं काय झालं? रॉथ न्यूयॉर्कमधला चटकदार मासिकं नि पुस्तकं पोस्टाने विकणारा, प्रतिष्ठित मंडळी ज्याला दारात उभं करत नव्हती असा. ज्याच्या केसमधून नियम निघाला तो स्वतः पाच वर्षांच्या शिक्षेवर आत गेला.

त्याहून झणझणीत उदाहरण २१ मार्च १९६६ चं. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने एका बैठकीत अश्लीलतेचे निकाल दिले. अठराव्या शतकातली एक इंग्रजी कादंबरी, एका वेश्येचं आत्मकथन, ती सुटली, कारण खालच्या कोर्टात प्राध्यापकांनी साक्षी दिल्या होत्या की हिला ऐतिहासिक, साहित्यिक मूल्य आहे. त्याच दिवशी न्यूयॉर्कचा एडवर्ड मिश्किन नावाचा पल्प प्रकाशक, पन्नास स्वस्त पुस्तकं, त्यातली काही समलिंगी विषयावरची, त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम. मिश्किनचा वकील म्हणाला की अहो, या पुस्तकांनी सर्वसामान्य माणूस चाळवणारच नाही, उलट त्याला शिसारी येईल. कोर्ट म्हणालं, मग ज्या विशिष्ट लोकांसाठी ती काढलीत त्यांच्या नजरेतून मोजू. म्हणजे समानता बघा कशी मिळाली. कायद्याने गे वाचकाला इथे वाचक म्हणून ओळखलं ते त्याचं पुस्तक विकणाऱ्याला तुरुंगात पाठवताना.

मिश्किनची पुस्तकं भिकार होती, हे मला मान्य आहे, त्यात छळ आणि चाबूक यापलीकडे फारसं नव्हतं. पण त्या कादंबरीला साक्षीदार मिळाले आणि याला मिळाले नाहीत यात पुस्तकाच्या दर्जाइतकाच वर्गाचा हात होता. अठराव्या शतकात ती कादंबरीसुद्धा पैशासाठीच लिहिलेली होती, कर्जापायी तुरुंगात बसून. दोनशे वर्षं टिकली की चावटपणाचं क्लासिक होतं. टिकायला आधी जप्तीतून वाचावं लागतं ना पण.

खरी मोकळीक आली ती ८ मे १९६७ ला, आणि तिच्यामागे कुणी थोर साहित्यिक नव्हता. रॉबर्ट रेडरप हा न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पेपर स्टॉलवर काम करणारा नोकर. साध्या वेशातल्या पोलिसाला त्याने दोन स्वस्त पुस्तकं विकली म्हणून पकडला गेला. वकिलाचा खर्च केला तो ग्रीनलीफचा मालक विल्यम हॅमलिंग याने, स्वतःचा माल होता म्हणून. कोर्टाने रेडरपला सोडलं आणि मग त्या निकालाचा हवाला देत डझनावारी शिक्षा रद्द केल्या, पुस्तकाच्या मूल्याची चिरफाड न करता. लहान मुलांना विकलं नाही ना, कुणाच्या अंगावर फेकलं नाही ना, मग घेणाऱ्याने घेतलं, विकणाऱ्याने विकलं. त्यानंतरची पाच-सहा वर्षं हा गे पल्पचा बहराचा काळ, म्हणजे शेकड्याने पुस्तकं. मूल्याची चौकशी थांबली तेव्हाच हे साहित्य फुललं, हा काही योगायोग नाही.

पण सरकार हे विसरलं नव्हतं. १९७० साली राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला की प्रौढांपुरते हे कायदे रद्द करा. निक्सनने तो फेटाळला. हॅमलिंग आणि केम्प या जोडीला चेव आला, त्यांनी तोच सरकारी अहवाल चित्रं घालून छापला आणि जाहिरातीची पत्रकं पन्नास हजारांहून जास्त लोकांना पोस्टाने पाठवली. पुस्तकावर ज्युरीचं एकमत झालं नाही, पण पत्रकावर झालं, आणि १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी शिक्षा कायम केली. ज्या संपादकाने बॅनिसला हो म्हटलं तो जेलमध्ये गेला. त्याआधी एक वर्ष, १९७३ साली, कोर्टाने नवी कसोटी आणली होती, आता नुसतं काडीचं मूल्य पुरणार नाही, 'गंभीर' साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा शास्त्रीय मूल्य पाहिजे, आणि कामुकता मोजायची ती तिथल्या स्थानिक समाजाच्या मापाने. सू सिटीवाली युक्ती परत दारात हजर. बॅनिस तोवर गे पल्प सोडून बाईच्या नावांनी भुताळी वाड्यांच्या प्रेमकथा लिहीत होता, रात्रीच्या वेळी गाऊनमध्ये पळणारी मुलगी, मागे वाडा, एकाच खिडकीत उजेड, त्या टाइपच्या. पोट तर भरायचं होतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं तिकडचं, आपल्याला काय त्याचं. आपल्याकडची दोन उदाहरणं घेऊ, जास्त नको. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर १९३४ साली खटला चालला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, त्यात हस्तमैथुन होतं, समलिंगी संबंध होते, वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं, आणि तरी हरले. का हरले, तर शास्त्र म्हणजे काय हे ठरवणारा खुर्चीत वेगळा बसला होता. मूल्य आहे की नाही हा प्रश्न जोवर न्यायाधीशाच्या अभिरुचीवर सोडलेला आहे तोवर आंबेडकरसुद्धा केस जिंकून देऊ शकत नाहीत, बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

दुसरं उदाहरण चंद्रकांत काकोडकरांचं. हे आपले खरे पल्प लेखक, सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या काळातले, ज्यांची पुस्तकं खाकी कव्हर घालून, पाठीवर नंबर टाकून, दोन-तीन एकत्र शिवून फिरायची आणि घरात उशीखाली सापडायची. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'शामा' नावाची कथा आली, अश्लीलतेचा खटला झाला, खाली सुटले, हायकोर्टाने दोषी ठरवलं, प्रकरण दिल्लीला गेलं. २५ ऑगस्ट १९६९ ला सुप्रीम कोर्टाने सोडलं. स्टोनवॉलच्या साधारण दोन महिन्यांनी, तारखांचा नुसता योगायोग. पण त्या निकालात एक फार कामाची गोष्ट आहे जिच्याकडे कुणी बघत नाही. कोर्ट काय म्हणालं, तर कथेचा साहित्यिक दर्जा फार उच्च नसेलही, लेखकाची अपरिपक्वताही दिसत असेल, पण हायकोर्टाने दाखवलेल्या उताऱ्यांत अश्लील काही नाही. बास! दर्जा बेताचा, आणि तरी निर्दोष. लेखक म्हणून काकोडकरांना ते वाचून काय वाटलं असेल ते सोडा, नागरिक म्हणून मला हे वाक्य दहा साहित्यिक कौतुकांपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि त्याच १९६९ साली संसदेने दंड संहितेतल्या अश्लीलतेच्या कलमात, म्हणजे कलम २९२ मध्ये, शास्त्र, साहित्य, कला, ज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या लिखाणाला सूट दिली. चांगल्या हेतूनेच दिली असणार, कारण पाचच वर्षांपूर्वी मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा डी. एच. लॉरेन्स या इंग्रज लेखकाची कादंबरी विकल्याबद्दल सुप्रीम कोर्टात कायम झाली होती. पण त्याने काय झालं, की लेखकाने पहिलं सिद्ध करायचं ते आपण साहित्यिक आहोत हे. काकोडकरांच्या निकालातली वाट साधी होती, अश्लील काय आहे ते दाखवा. सूट देणाऱ्या वाटेवर मात्र चांगल्या घरचं असल्याचा दाखला आणावा लागतो. आज ते कलम भारतीय न्याय संहितेत २९४ क्रमांकाने आलंय, इलेक्ट्रॉनिक मजकूर आता स्पष्ट शब्दांत त्यात धरलाय, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, आणि सूट तीच, त्याच शब्दांची.

विरोधात काय बोललं जातं ते मला माहितीये आणि त्यातलं काही बरोबरही आहे. या पुस्तकांत बायकांना किती वाईट वागवलंय, मूळ रहिवासी कसे शोभेच्या बाहुल्यांसारखे येतात, जबरदस्तीला प्रेम म्हटलेलं किती ठिकाणी आहे, हे सगळं आहे. पल्प म्हणजे धुतल्या तांदळाचं नाही. पण यातला कुठलाही दोष प्रतिष्ठित साहित्यात नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का? तिथे आपण समीक्षा लिहितो, इथे पोलीस पाठवतो, फरक एवढाच. लहान मुलांचा गैरवापर, खऱ्या माणसाचे संमतीशिवाय काढलेले फोटो, व्हिडिओ, यासाठी कायदे हवेत आणि कडक हवेत, त्यात बळी आहे, हाडामांसाचा. प्रौढ माणसाने प्रौढ वाचकासाठी लिहिलेल्या शब्दांत बळी कोण? अभिरुची? तिला दुखापत झाली तर पुस्तक मिटता येतं.

काही जण म्हणतात की ठीक आहे, पण समलिंगी चळवळीला असल्या पुस्तकांनी बदनामच केलं, बाल्डविनने जे मिळवलं ते यांनी घालवलं. मला हे पटत नाही. बाल्डविनने ज्यांना आधीच पुस्तक वाचायची सवय होती त्यांच्याशी बोलणं केलं, आणि अप्रतिम केलं. बॅनिसच्या वाचकाकडे पुस्तकांचं दुकान नव्हतं, ग्रंथालयात तो विषय कपाटात कुलूप लावून होता, किंवा मनोविकारांच्या शेल्फवर. अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९७३ साली. त्याच्या सात वर्षं आधी जॅकी होम्स पूडल घेऊन फिरत होता, आजारी नसलेला, आणि कुणाच्या परवानगीची वाट न बघता.

आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला लागला. मराठीत या विषयावर गंभीर लिखाण त्याच्या आधीपासून आहे, बिंदुमाधव खिरेंनी पुण्यात बसून पदरमोड करून पुस्तकं काढली, सचिन कुंडलकरांची कादंबरी २००६ ची, आणि ही नावं घेतली की आपण समाधानाने मान डोलावतो. पण मराठीतला बॅनिस कुठे आहे? तो मोबाईलवर आहे. कथांच्या ॲपवर, टोपणनावाने, भाग एक, भाग दोन करत, शुद्धलेखनाच्या नावाने बोंब, होस्टेल, रूम पार्टनर, गावाकडचा चुलत दादा, लग्नाच्या वरातीत भेटलेला फोटोग्राफर. खाली कमेंटमध्ये 'पुढचा भाग कधी' म्हणून तालुक्याच्या गावातली पोरं विचारतायत. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा शेवट गोड होतो, आणि कुठलाही साहित्यिक पुरस्कार त्यांना मिळणार नाही. उद्या त्यातल्या एकावर कुणाच्या भावना दुखावल्या आणि तक्रार झाली तर साहित्यमूल्याची साक्ष द्यायला कोण जाणार? आपल्या साहित्य संस्था जाणार? ज्यांनी रहस्यकथेला शंभर वर्षांत धड खुर्ची दिली नाही, बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर पुस्तकांना ज्यांनी मोजदाद करण्यापलीकडे काही केलं नाही, त्या?

म्हणून मागणी सूट वाढवून द्या अशी नको, साहित्य हा शब्द जरा ताणून त्यात पल्पला बसवा अशीही नको. प्रौढांच्या शब्दांपुरतं कलमच काढून टाका. तोवर, वकील मंडळींनी 'शामा'चा निकाल त्या एका वाक्यासाठी पुन्हा वापरात आणावा, दर्जा बेताचा असला तरी निर्दोष.

आणि जतनाचं बघा जरा. बॅनिसची आणि त्याच्या जातकुळीतली पुस्तकं आज लॉस एंजेलिसच्या 'वन आर्काइव्हज' या समलिंगी साहित्याच्या संग्रहात वगैरे ठिकाणी सापडतात ती हौशी लोकांनी स्वतःच्या घरात जमवून ठेवली म्हणून. आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे, प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसकट इतर ठरलेल्या ग्रंथालयांत पाठवायची, आणि या कायद्याला दर्जाशी काही देणंघेणं नाही, रहस्यकथा, चावट कथा, पाकशास्त्र, सगळं एका मापात. प्रकाशक किती पाठवत असतील तो वेगळा विषय. पण फोनवरच्या कथा त्यात येतच नाहीत, ॲप बंद पडलं की सगळं साफ, लिहिणाऱ्याचं खरं नाव तर कुणालाच माहीत नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी लेखकांची परवानगी घेऊन, नावं झाकून, त्या कथा आत्ताच उतरवून ठेवायला सुरुवात केली तर खर्च फार येणार नाही, एखाद्या चर्चासत्राच्या जेवणाएवढा येईल.